चव्वेचाळीसवर अडकलेला आकडा

पंचवटी, नाशिक
२ मार्च २००८

सविता,

चार महिन्यांत तुझं एक ओळीचंही पत्र नाही. मीही लिहिलं नाही, कारण मला लिहिण्याचं काही कारण नव्हतं. आता आहे. खुशाली विचारत नाही. हनुवटीचे टाके सुकले असतील, गळ्याखालचं हाडही जुळलं असेल. चोविसाव्या वर्षी हाडं जुळतात.

कामाचं लिहिते. मध्य प्रदेशातल्या एका विमान प्रशिक्षण संस्थेचं आपल्या उड्डाण केंद्राला पत्र आलं आहे. उड्डाणाचे उरलेले तास पुरे करायला तू तिथे अर्ज केला आहेस. मला न सांगता केलास, ते तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. त्यांनी एक फॉर्म पाठवला आहे. तुला वर्गात ज्याने शिकवलं त्याने तो भरायचा आहे, म्हणजे मी. रकाना नऊ असा आहे: 'प्रशिक्षणार्थीच्या शब्दावर विसंबता येते का?' एकतीस मेपर्यंत फॉर्म पोचला नाही तर तुझा अर्ज रद्द होईल. आणि मी 'नाही' लिहिलं तर तुला देशातली कुठलीच संस्था घेणार नाही, हे तुला माहीत आहे.

तुझ्या फाइलमध्ये आमच्या तिघांच्या समितीचा शेरा आहे. तो तुला कुणी वाचून दाखवला नसेल म्हणून उतरवून देते: 'उड्डाणापूर्वी वेगाची नळी तपासल्याचे प्रशिक्षणार्थीने सांगितले, ते खरे आढळले नाही. पडद्यावर पुरेसा वेग दिसत नसतानाही धाव वेळेत थांबवली नाही.' सह्या तीन. शब्द माझे.

त्या नळीत गंधात बरबटलेला तांदळाचा दाणा निघाला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्राचं एकमेव नवं विमान धावपट्टी संपून, कुंपण तोडून द्राक्षाच्या मांडवात घुसलं, ते त्या दाण्यामुळे. नळी बोटभर लांबीची आहे, तिच्यात शिरणाऱ्या हवेवरून वेग मोजला जातो, पंखाखाली उघडी असते, नुसतं वाकलं की दिसते. तू वाकली नाहीस, आणि समितीसमोर मात्र 'तपासली होती' म्हणालीस.

माझं म्हणणं साधं आहे. मला दोन ओळी लिहून पाठव: 'नळी तपासायची राहिली. घाबरून खोटं बोलले.' त्या जोडून मी रकाना नऊमध्ये 'चूक प्रामाणिकपणे मान्य केली' असं लिहीन. यापेक्षा जास्त मला काही करता येणार नाही.

तुझी दोन पुस्तकं आणि निळी वही माझ्याकडे आहे.

शरयू दाणी


३० मार्च २००८

सविता,

पत्र पोचलं नसेल असं मानायला मी तयार नाही. सुरगाण्याच्या पोस्टात मी स्वतः फोन करून विचारलं. रावजींनी सही करून घेतलं आहे. तुझे वडील सही करतात ती तू शिकवलेली, 'व'ची काठी लांब ओढतात. पोस्टमास्तरांनी न विचारता आणखी एक माहिती दिली. तू पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकिंगमध्ये आहेस, पेट्या वजन करायच्या काट्यावर. म्हणजे दिवसभर लाल आकडे वाचतेस. एकशे एकोणनव्वद तास विमान उडवलेली मुलगी!

मला राग तुझ्या चुकीचा नाही. तुझ्यासारखं पडद्यावरची ती वेगाची पट्टी दुसरं कुणी वाचत नव्हतं, त्याचा राग आहे.

नवं विमान आलं तेव्हा बाकीची मुलं पडद्यापुढे बावरली. जुन्या विमानात गोल तबकडी होती, काटा कुठे आहे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून कळायचं. नव्यात काटाच नाही. पडद्याच्या डाव्या कडेला उभी पट्टी, तिच्यावर सरकणारे आकडे आणि मधोमध काळ्या चौकटीत आत्ताचा वेग. वेग वाढला की पट्टी खाली सरकते, आणि सगळ्यांना वाटतं वेग पडतोय. आपले मोठे कॅप्टनसुद्धा पहिल्या दिवशी चुकले. तू एकटीने विचारलं होतंस, "बाई, पट्टी कुठं जाते ते बघायचंच कशाला? चौकटीतला आकडा बघायचा ना?" मी तेव्हा कौतुक केलं नाही. मी करत नाही.

मग पट्टीशेजारची ती जांभळी रेघ. आणखी सहा सेकंदांनी वेग किती असेल ते सांगणारी. तिला तू नाव ठेवलं होतंस, 'उद्याची रेघ'. वर्ग हसला होता आणि मी तुला उभं केलं होतं.

मी तुम्हाला एकच गोष्ट घोकून घेतली. धाव सुरू झाली की आकडा जागा झाला का ते बघा आणि मोठ्याने म्हणा. विमान पंचावन्न नॉटला उचलायचं, चोपन्नला नाही. अंगाला काय वाटतं ते घरी ठेवा. पट्टीवरचा आकडा खरा.

मग त्या दिवशी आकडा चव्वेचाळीसवर अडकला तर धाव आधीच का नाही थांबवलीस?

तो दाणा आत कसा गेला हे समितीने फार खोलात जाऊन पाहिलं नाही. खंडेनवमीला विमानाची पूजा झाली होती, केंद्रातल्या लोकांना नको म्हटलं तरी ते करतात. चिमाजी मेकॅनिकला मी बजावलं होतं की टिळा फक्त नाकाला, पंख्याच्या मधोमध, बाकी कुठे बोट लावायचं नाही. त्याने ऐकलं नसेल. संध्याकाळी नळीवर कापडी टोपी घालताना तो दाणा आणखी आत दाबला गेला असेल. चिमाजी तेव्हाही कबूल झाला नाही, आणि पंधरा दिवसांत नोकरी सोडून गेला. ज्याने नाही केलं त्याने का जावं?

पण तो वेगळा प्रश्न. नळी बघायचं काम उडवणाऱ्याचं.

दोन ओळी पाठव.

शरयू दाणी


२७ एप्रिल २००८

सविता,

आज पेठ रोडला गेले होते. घरची पाण्याची मोटर जळली होती, आणि कुणीतरी सांगितलं की तिथे एक जण चांगली बांधून देतो. दुकानात चिमाजी बसलेला. माहीत असतं तर गेले नसते.

"या बाई, या," म्हणाला. "काय बिघडलं? मोटर का विमान?"

मी म्हटलं, "मोटर. आणि तोंड जरा कमी चालव."

"आता चालवू द्या की. हे काय केंद्र नाय. इथं तोंड आपलंच हाय." त्याने मोटर उघडली आणि मान वर न करता म्हणाला, "एक सांगा मला. टिळा मी नाकाला लावला, तुमच्या डोळ्यांदेखत. पूजेच्या टायमाला पंखाखाली मी गेलोच नाय. मंग तांदूळ काय उडून गेला व्हय आत?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला लय माहीत असतं बाई. येवढंच नाय माहीत."

मी मोटर तिथेच ठेवून निघाले. त्याने मागून हाक मारली. खणातून एक घडी केलेला कागद काढून दिला. त्या पडद्यामागे एक कार्ड असतं, दर सेकंदाचे आकडे त्यात उतरतात. अपघातानंतर त्याने ते छापून घेतलं होतं, समितीने मागितलंच नाही. म्हणजे मी मागितलं नाही. "सविताताईला द्यायचं होतं," म्हणाला, "पण त्यांनी घेतलं नाय. म्हनल्या, बाईंना द्या, त्यांना वाचता येतं."

घरी येऊन वाचलं. मला वाचता येतं.

डाव्या रकान्यात नळीने दाखवलेला वेग: चोवीस, एकोणतीस, तेहेतीस, सदतीस, चाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, चव्वेचाळीस. उजव्या रकान्यात उपग्रहावरून मोजलेला जमिनीवरचा वेग: एकतीस, अडतीस, चव्वेचाळीस, एकोणपन्नास, चोपन्न, अठ्ठावन्न, एकसष्ट, चौसष्ट, सहासष्ट. वारा त्या सकाळी नव्हताच. म्हणजे विमान सहासष्टने धावत होतं आणि पट्टी तुला चव्वेचाळीस सांगत होती.

सहासष्टला ते विमान जमिनीवर राहत नाही. ते वर जायला बघत असणार. तू समितीत म्हणालीस ते मला आठवलं: "चाकं टणाटणा उडत होती. मी दांडा पुढं दाबून धरला." मोठ्या कॅप्टननी विचारलं होतं, "का दाबलास? सोडला असतास तर उडालं असतं." तू माझ्याकडे बघितलंस. मी कागदाकडे बघत होते. तू म्हणालीस, "आकडा चव्वेचाळीस होता."

जमिनीवरचा वेग त्याच पडद्यावर असतो, लहान अक्षरांत. त्याच्याकडे धावताना ढुंकूनही बघायचं नाही हे मीच शिकवलं. विमान जमिनीवर नाही, हवेवर उडतं, हे वाक्य मी एकवीस तुकड्यांना सांगितलं आहे. आणि मी स्वतः एकदाही विमान उडवलेलं नाही. अडुसष्ट साली बी.एस्सी. झाल्यावर फ्लाइंग क्लबचा फॉर्म आणला होता, वडिलांनी तो फाडला. मी पुन्हा आणला नाही. मी फळ्यावरच उडवत आले. हे तुला कुणी सांगितलं नसेल, तर आता मी सांगते.

तू मी शिकवलेलं केलंस. शेऱ्याची दुसरी ओळ चूक आहे, ती मी खोडायला लावीन.

पहिली ओळ मात्र राहते. नळी तू तपासली नव्हतीस, आणि तपासली म्हणालीस. त्याच्या दोन ओळी मला हव्यातच. चौतीस दिवस उरले आहेत.

शरयू दाणी


१८ मे २००८

सविता,

तुझं कार्ड काल मिळालं. पाच वाक्यं आहेत. मी ती समोर ठेवून लिहिते आहे.

'बाई, तुम्ही नळीला गंध लावताना मी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मीच ते ओढणीनं पुसलं, कुणी बघायच्या आत. आतला दाणा दिसला नाही. समितीत मी तपासली म्हणाले ते खरंच होतं. मला वाटलं, तुम्ही सांगाल.'

तुझं अक्षर बिघडलं आहे. पेट्यांवर मार्करने लिहून बिघडतं.

आता मी लिहिते ते समितीला लिहायचं आहे तसंच इथे लिहिते, म्हणजे तिथे लिहिताना हात अडखळणार नाही.

नवमीला तुझी आई सुरगाण्याहून पहाटेच्या जीपने आली होती. घरचा तांदूळ कुंकवात भिजवून अक्षता आणल्या होत्या, वाटीत गंध, आणि झेंडू. हँगरच्या दारात माझ्यापुढे ताट धरून फुलाबाई म्हणाल्या, "बाई, तुमच्या हातानं लावा कायतरी. माजी पोर वर जायची हाय उद्या-परवा." मी काय म्हणाले ते तू ऐकलंस, कारण तू लाजून बाजूला झालीस. मी म्हणाले, "विमान हवेवर उडतं, कुंकवावर नाही." त्या हसल्या. ताटावर पदर झाकला आणि म्हणाल्या, "खरंय जी, आमाला काय कळतंय." त्यांनी ते ताट पिंपावर ठेवून दिलं.

दुपारी सगळे जेवायला शेडमध्ये गेले. मी गेले नाही. मला तुझ्या मोठ्या उड्डाणाची भीती वाटत होती. एकटी जाणार होतीस, लांब. एकवीस तुकड्या शिकवल्या, पण कुणाच्या उड्डाणाआधी मी जेवण सोडलं नव्हतं. का, ते मी लिहिणार नाही. मी हँगरमध्ये गेले. ताट उघडलं. नाकाला चिमाजीचा टिळा होता, त्यावर लावलं असतं तर दिसलं असतं. मग मी पंखाखाली गेले. म्हटलं, हिचा वेग नीट राहू दे. एवढंच म्हटलं. त्या नळीच्या तोंडाला गंधाचं बोट लावलं आणि वर तुझ्या घरच्या अक्षता चिकटवल्या. मी, बी.एस्सी. फिजिक्स. त्या नळीच्या तोंडावर काहीही येऊ द्यायचं नाही, माशीसुद्धा नाही, हे फळ्यावर चित्र काढून शिकवणारी. पुसायला परत आले नाही. कुणीतरी बघेल म्हणून.

तू बघितलंसच.

आणि दसऱ्याला माझी लाज झाकायला तू ते पुसलंस. नळीवरची टोपी काढून, पुसून, परत घातलीस. म्हणूनच बाहेर डाग नव्हता आणि आत दाणा होता. समितीला ह्याचा उलगडा झाला नाही, आणि मला तो झालेला होता. बाहेरचं कोणी पुसलं एवढंच माहीत नव्हतं. मला वाटलं, टोपीनेच पुसलं गेलं. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

तू उभी होतीस, हनुवटीला पट्टी, हात झोळीत. मी विचारलं, "नळी तपासली होतीस?" तू म्हणालीस, "हो बाई." आणि थांबलीस. तेव्हा मला वाटलं, तू पाठ केलेलं उत्तर विसरलीस म्हणून थांबलीस. तू माझ्यासाठी थांबली होतीस. किती वेळ थांबलीस ते मोजायला तिथे कुठलं कार्ड नव्हतं, पण बराच वेळ होता. खिडकीतून ट्रॅक्टर तुटलेला मांडव ओढून नेताना दिसत होता, तो दिसायचा बंद झाला, तोवर.

मग मी पेन उचललं आणि 'खरे आढळले नाही' असं लिहिलं.

एक मात्र मी तुला माफ करत नाही. तू बोलायला हवं होतंस. नवमीला पंखाखाली मला पाहिलंस तेव्हाच ओरडायला हवं होतंस, "बाई, काय करताय?" मी चिडले असते, पण तुझं हाड मोडलं नसतं. माझी लाज तू तुझ्या जिवापेक्षा जपलीस. असं मी तुला शिकवलं नव्हतं. की शिकवलं होतं? वर्गात जो मला उलट बोलेल त्याला मी उभं करत होते.

इथेच थांबते. दुपारचे साडेतीन वाजलेत आणि मी केंद्रात निघाले आहे.

शरयू


८ जून २००८

सविता,

फॉर्म एकोणतीस मेला तिथे पोचला. पोच माझ्याकडे आहे, तिची प्रत सोबत. चिमाजीने दिलेला कागदही जोडला आहे, मूळ. निळी वही आणि पुस्तकं वेगळ्या पार्सलने पाठवली.

केंद्रात काय झालं ते तू विचारणार नाहीस, तरी सांगते. मी दोन पानी जबाब दिला. व्यवस्थापक म्हणाले, "बाई, आता कशाला? फाइल बंद झाली आहे. केंद्राचं नाव जाईल." मी म्हटलं, फाइल उघडा. ते म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली. विचार करा." मी विचार केलेला होता. त्यांनी शेरा रद्द केला. दुसऱ्या कागदावर माझं शिकवणं बंद केलं. दोन्हींवर सह्या एकाच पेनने झाल्या. मोठे कॅप्टन बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "ती मुलगी सहासष्टला विमान दाबून धरते, म्हणजे तिच्या हातात काय ताकद असेल!" त्यांना कौतुक करायचं होतं.

चिमाजीकडे गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याच्यासमोरच सांगितलं. तो मोटरीची तार गुंडाळत राहिला. म्हणाला, "बाई, मला माहीतच होतं. तुमच्या बोटाला त्या दिशी कुंकू होतं. मी बोललो नाय, म्हनलं त्या बोलतील." मग म्हणाला, "मोटर झालीया. न्या."

म्हणजे तुम्ही दोघंही वाट बघत होतात. आणि मी फॉर्म भरत होते.

तुझ्या आईकडे मी जाणार नाही. त्यांच्या ताटातलं मी चोरून घेतलं आणि त्यांच्यासमोर त्यालाच हिणवलं होतं. त्याची माफी मागायची तर त्या मला चहा करतील, आणि तो मला पिता येणार नाही. तू सांग, किंवा नको सांगूस.

रकाना नऊमध्ये मी काय लिहिलं ते तुला कळायला हवं: 'हिच्या शब्दावर विसंबावे. ज्या एका प्रसंगी ती गप्प राहिली, त्या प्रसंगी माझ्या शब्दावर विसंबली होती.' त्यांना कळलं नसेल तर ते मला विचारतील. मी उत्तर देईन.

तू मला उत्तर पाठवू नकोस. तुझ्या पाच वाक्यांनंतर मला आणखी काही वाचायचं नाही, आणि तुझ्याकडे लिहायला असेल असंही वाटत नाही. 'बाई' म्हणून तू कुणाला माझं नाव सांगितलं नाहीस तरी चालेल.

पण शिकवणं बंद झालं तरी एक सांगायचं राहिलं आहे, ते कागदावरच सांगते. तिथेही पूजा करतील. विमान नवं असेल, पडदा आणखी मोठा असेल, आणि कुणीतरी म्हातारं माणूस, तुझ्यावर जीव असलेलं, ताट घेऊन पंखाखाली जाईल. तू पाहशील. तेव्हा त्याची लाज राखू नकोस. माझा हात धरला नाहीस. त्याचा धर.

शरयू दाणी